तीन समान भागांची गुळणी

लिडोकेन व्हिस्कस २ टक्के, डायफेनहायड्रामिनचे द्रावण, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अँटासिड. तिन्ही समान भाग. दहा मिलिलिटर तोंडात घोळवून थुंकावे.

मजकूर एवढाच. अमेरिकेत ‘मॅजिक माउथवॉश’ म्हणतात ते हे मिश्रण. तिथल्या कंपाउंडिंग फार्मसीत डॉक्टरांची चिठ्ठी पाहून फार्मासिस्ट ते त्या रुग्णापुरते तयार करतो. कृती सर्वत्र सारखी नसते. तिचे अनेक पाठभेद आहेत, पण ही तीन द्रव्यांची रचना सगळ्यांत सुटसुटीत, आणि रसग्रहणाला सगळ्यांत योग्य.

ती कोणासाठी लिहिली आहे ते आधी पाहायला हवे. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार सहा-सात आठवडे चालतात. गाठीबरोबर तोंडातले नाजूक अस्तरही भाजून निघते, कारण तिथल्या पेशी सतत नव्या होत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, व्रण पडतात, पाण्याचा घोटही झोंबतो. रुग्ण जेवण टाकतो, वजन उतरते, आणि कधी उपचारच मध्ये थांबवावे लागतात. तो खंड धोक्याचा, कारण तेवढ्या दिवसांत गाठीतल्या उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीने ज्यांच्या घरात हा आजार आणला, अशा महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांना हे वर्णन नवे नाही.

आता एकेक द्रव्य पाहू. पहिले लिडोकेन. दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात तेच. वेदनेचा संदेश नसेतून पुढे जाण्यासाठी सोडियमची जी वाट लागते, ती ते अडवते. तयार लिडोकेनच्या बाटलीवर मोठ्या माणसासाठी एका वेळची कमाल मात्रा १५ मिलिलिटर, म्हणजे ३०० मिलिग्रॅम असते. इथे ते तिसरा हिस्साच असल्याने दहा मिलिलिटरच्या गुळणीत सुमारे ६७ मिलिग्रॅम येते. सोललेल्या अस्तरातून औषध रक्तात अधिक उतरू शकते हे लक्षात घेतले, की या हात राखून घालण्याचे मोल कळते.

दुसरे डायफेनहायड्रामिन. आपण ते सर्दी-खोकल्याच्या आणि अ‍ॅलर्जीच्या औषधांत पाहतो. नसा बधिर करण्याचा गुण त्याच्यातही आहे, आणि इथे त्यासाठीच ते आले आहे. त्यामुळे बधिर करण्याचा सगळा भार एकट्या लिडोकेनवर पडत नाही.

तिसरे अँटासिड. खरे तर पोटातल्या जळजळीचे हे औषध, पण इथे आम्ल मारायला ते आलेले नाही. त्याचा दाटपणा हवा आहे. निव्वळ पातळ द्रावण तोंडातून लगेच ओघळून जाते. हे दाट द्रव्य व्रणांवर लेप धरते आणि बाकीच्या दोघांना तिथे टिकायला मदत करते. मला या रचनेतले सगळ्यांत सुंदर स्थान हेच वाटते. वेदना थांबवणारा गुण ज्याच्यात नाही, त्याच्या आधारावर बाकी दोघांचे काम उभे आहे.

जे घातलेले नाही तेही वाचायला हवे. डायफेनहायड्रामिनचे द्रावण मद्यार्क नसलेले निवडायचे, नाहीतर आराम देणारी गुळणीच आग लावील. किरणांनी लाळ आटते आणि दात लवकर किडतात, म्हणून गोडव्यासाठी साखर नको. बुरशीचे पांढरे थर दिसले, तर डॉक्टरांशी बोलून निस्टॅटिन घालता येते. बाटलीवरच्या सूचनाही रचनेचाच भाग आहेत. नीट हलवा, कारण अँटासिड तळाशी बसते. गुळणीनंतर तासभर खाऊ नका, कारण बधिर घशात घास अडकू शकतो. ज्याला त्या वेळातच जेवायचे असते, त्याच्यासाठी मग फार्मासिस्टला औषधाच्या आणि जेवणाच्या वेळा जुळवून द्याव्या लागतात.

नावात जादू असली, तरी मोजमाप झाले आहे. २०१९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २७५ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. डॉक्सेपिन या औषधाची गुळणी, ही तीन द्रव्यांची गुळणी आणि औषध नसलेली गुळणी यांची तुलना होती. पहिल्या चार तासांत दोन्ही औषधी गुळण्यांनी वेदना जास्त उतरवली, पण रुग्णाला ठळक जाणवेल असा फरक म्हणून संशोधकांनी जी रेषा धरली होती, तिच्यापेक्षा तो फायदा कमीच भरला. हा निकाल मान्य करूनच या कृतीला दाद द्यावी. ती थोडा वेळ, थोडा आराम देते. ज्याला घोटभर पेज उतरवायची आहे, त्याला तो वेळ पुरतो.

औषधे मिसळून देण्याच्या या कलेला शिस्त सुटलेली परवडत नाही. २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या एका कंपाउंडिंग केंद्रातून बुरशी शिरलेली स्टेरॉइडची इंजेक्शने देशभर गेली. साडेसातशेंहून अधिक माणसे आजारी पडली, साठांहून अधिक दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे कडक कायदा आला. गुळणी इंजेक्शनइतकी जोखमीची नाही, पण तत्त्व तेच राहते. कारखान्यातल्या औषधामागे सरकारी मंजुरी उभी असते, तर इथे मिश्रण करणाऱ्या माणसाची स्वच्छता, त्याचे माप आणि त्याची सचोटी यांवरच सगळा भरवसा.

या कृतीचे यश तिच्या मर्यादित हेतूत आहे. गाठ जाळणे हे किरणांचे काम. रुग्णाने खात-पीत, खंड न पडू देता ते किरण शेवटपर्यंत घ्यावेत, यासाठी ही गुळणी हातभार लावते. आपल्याकडच्या प्रत्येक कर्करोग रुग्णालयात, “आज काय खाता आले?” असे विचारून त्यानुसार मिश्रण बदलून देणारा फार्मासिस्ट असायला हवा. उपचार पुरे होणे पुष्कळदा त्या प्रश्नावर अवलंबून असते.