‘द सप्टेंबर इश्यू’ : फॅशनप्रेमी प्रेक्षकाच्या दृष्टीतून

आर. जे. कटलर दिग्दर्शित ‘द सप्टेंबर इश्यू’ (2009) हा अनुबोधपट अमेरिकन ‘व्होग’ मासिकाच्या सप्टेंबर 2007 च्या अंकाची जडणघडण टिपतो. 840 पृष्ठांच्या या अंकात 727 पृष्ठे जाहिरातींची होती. उरलेल्या पृष्ठांसाठी चाललेली ओढाताण हाच चित्रपटाचा गाभा होय.

संपादक अ‍ॅना विंटूर यांच्या मौनाचा दरारा कॅमेरा वारंवार टिपतो. किंबहुना गरजेपेक्षा अधिक. परिणामी समोरच्या कपड्यापेक्षा त्याला मिळणाऱ्या होकार-नकाराकडेच लक्ष वेधले जाते. वस्त्राचा पोत, त्याची पडण, शिवण न्याहाळू इच्छिणाऱ्या फॅशनप्रेमी रसिकाला ही घाई खटकते. त्याला खरा दिलासा मिळतो तो क्रिएटिव्ह डायरेक्टर ग्रेस कॉडिंग्टन यांच्या प्रसंगांतून. 1920 च्या दशकाच्या धर्तीवर त्यांनी साकारलेल्या छायाचित्रांपैकी काही विंटूर वगळतात. त्या वेळी कॉडिंग्टन यांना होणारे दुःख मानापमानाचे नसून एका कलाकृतीच्या नाशाचे आहे. अर्थात, विंटूर यांची ही निर्दय निवडही अंकाला आकार देते, हे नाकारता येत नाही.

अखेरच्या टप्प्यात घाईने योजलेल्या चित्रणात कॉडिंग्टन चक्क चित्रपटाच्या कॅमेरामनलाच मॉडेलसोबत उडी मारायला लावतात. त्याचे सुटलेले पोट छायाचित्रातून पुसण्याचा विचार पुढे येताच त्या ठाम विरोध करतात. ते पोट छापील अंकात जसेच्या तसे राहते.