वाइलिमाची पत्रे : दैनंदिन जीवन आणि संपादकाचा हात

लेखकाचा पत्रव्यवहार म्हणजे त्याच्या जीवनाचा सरळ पुरावा, असे आपल्याकडील संशोधनात बहुधा गृहीत धरले जाते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन (१८५०-१८९४) याने सामोआ बेटावरून लिहिलेली पत्रे या गृहीताची कसोटी पाहतात. प्रस्तुत लेखकानेही आपल्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत ती १८९५ च्या आवृत्तीवरून निःशंकपणे उद्धृत केली होती. त्या चुकीची जाणीव हेच या लेखाचे निमित्त होय.

क्षयसदृश व्याधीने ग्रासलेला स्टीव्हन्सन डिसेंबर १८८९ मध्ये आपिया बंदरात उतरला. तेथून जवळच, वाइलिमा येथे, त्याने तीनशेहून अधिक एकर रान विकत घेऊन घर बांधले. नोव्हेंबर १८९० पासून त्याने लंडनमधील स्नेही सिडनी कॉल्व्हिन यांना दैनंदिनीवजा पत्रे लिहावयास आरंभ केला. महिनाभर थोडे थोडे लिहून साठलेला मजकूर तो टपालाच्या बोटीने रवाना करी. पहाटेचे लेखन, हाताला पेटके येऊ लागल्यावर सावत्र मुलगी बेल हिला सांगितलेला मजकूर, घोड्यावरून आपियाला मारलेली फेरी, पैशाची विवंचना असे सर्व काही त्यांत येते.

या पत्रांचा खरा नायक मात्र रान आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. लाजाळूचे उदाहरण पाहावे. आपल्याकडे लहान मुले बोट लावून जिची गंमत पाहतात, ती ही नाजूक वनस्पती सामोआत परकी होती. कुंडीतून आली आणि बेटभर माजली. ती उपटता उपटता रक्ताळलेल्या हातांचे वर्णन करताना स्टीव्हन्सनच्या लेखणीला वेगळीच धार चढते. कादंबरीच्या प्रकरणापेक्षा तण काढण्यात आपला जीव अधिक रमतो, हे तो काहीशा अपराधी भावनेने कबूल करतो. परदेशस्थ लेखकाच्या पत्रांतून अपेक्षित असलेले स्मरणरंजन येथे फारसे नाही. स्कॉटलंडची ओढ त्याने मुख्यतः 'वेअर ऑफ हर्मिस्टन' या अपूर्ण कादंबरीकडे वळविलेली दिसते.

जून १८९२ मध्ये तो कॉल्व्हिन यांना सुचवितो की, आपल्या पश्चात या पत्रांचे पुस्तक होऊ शकेल आणि कुटुंबाला चार पैसे मिळतील, तेव्हा ती जपून ठेवावीत. येथून पुढे पत्रलेखकासमोर एक नव्हे, दोन वाचक उभे आहेत. यामुळे त्याचा सूर बदलला काय? प्रस्तुत लेखकाच्या मते फारसा नाही. पण १८९५ च्या ग्रंथावरून हा निष्कर्ष काढणेच धोक्याचे आहे. कारण कॉल्व्हिन यांनी खाजगी, अडचणीचा वाटलेला बराच मजकूर गाळला होता. तो बूथ व मेह्यू यांनी संपादित केलेल्या आठ खंडांच्या आवृत्तीतून (१९९४-९५) अभ्यासकांसमोर आला.

तथापि कॉल्व्हिन यांना केवळ दोष देणे अन्यायाचे ठरेल. सामोआतील राजकारणाला आणि तेथील माणसांच्या वृत्तांताला कंटाळून त्यांनी त्या लोकांच्या वर्णावरून हेटाळणीचे शब्द वापरीत मित्राकडे तक्रार केली होती. जर्मनी, ब्रिटन व अमेरिका यांच्या ओढाताणीत सापडलेल्या या बेटांविषयी स्टीव्हन्सनने 'अ फूटनोट टू हिस्टरी' (१८९२) हा ग्रंथ लिहिला होता. १८९३ च्या युद्धानंतर कैदेत पडलेल्या सरदारांना तो तुरुंगात जाऊन भेटत असे. त्याला हा शेरा झोंबला. आपले आयुष्य याच माणसांत जाते, ती वगळली तर आपणच वगळले जाऊ, अशा आशयाचे उत्तर त्याने १८९४ च्या मे महिन्यात धाडले. हे उत्तर कॉल्व्हिन यांनी स्वतःच्या ग्रंथात छापले, हा त्यांचा प्रामाणिकपणाच.

याच घराचे दुसरे चित्र पत्नी फॅनी हिच्या रोजनिशीत आहे. ती १९५० च्या दशकात प्रसिद्ध झाली. बी पेरणे, मजुरांकडून काम करून घेणे हे तिच्या वाट्याचे कष्ट तेथे सविस्तर येतात. नवऱ्याने आपल्याला कलावंत न म्हणता शेतकरी वृत्तीची म्हटले, हा सलही तीत आहे. त्या हस्तलिखितातील काही ओळी मागाहून कोणी तरी शाईने खोडलेल्या होत्या.