रेघ एकट्याची, वाट अनेकांची

1967 साली लंडनच्या एका कलाशाळेतील रिचर्ड लाँग नावाचा विद्यार्थी वॉटर्लू स्थानकावर आगगाडीत बसला, शहराबाहेर उतरला आणि एका कुरणात येरझारा घालू लागला. गवत दबून सरळ रेघ उमटेपर्यंत तो चालला, तिचे छायाचित्र घेतले आणि परतला. त्या छायाचित्राला आज कलेच्या इतिहासात मानाचे स्थान आहे.

ही कला की पोरखेळ, असा प्रश्न वाचकाला पडल्यास त्यात वावगे नाही. मात्र त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत मायकेल हायझर यांनी एका शिल्पासाठी नेवाडाच्या वाळवंटातील सुमारे 2 लाख 40 हजार टन खडक उपसायला घेतला, हे ध्यानात घेतले म्हणजे लाँग यांच्या रेघेचे मोल कळते. दबलेले गवत पुन्हा उठते. भूमीला जखम न करता कलाकृती घडविण्याचा हा विनय अस्सल आहे.

तरीही त्या छायाचित्रापाशी मी अडखळतो. त्यात माणूस नाही.

या अडखळण्याचे कारण मला जिव्या सोमा म्हसे (1934-2018) यांच्या चित्रांत सापडले. लग्नात वारली सवासिनी भिंतीवर चौक लिहितात; डहाणूजवळच्या गंजाड परिसरातील म्हसे यांनी तीच पांढरी रेघ रोजच्या जगण्याकडे वळविली. 2003 साली लाँग वारली मुलखात येऊन चालले आणि त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे दोघांच्या कलाकृती एकत्र मांडल्या गेल्या. प्रदर्शनाचे नाव होते 'संवाद'.

संवादात मतभेदही असतो. म्हसे यांची वाट कधी ओस नसते. तिच्यावरून मोळ्या येतात, गुरे जातात. तारप्याभोवतीच्या फेरात कोणते पाऊल कोणाचे, हे सांगता येत नाही. मासेमारीच्या चित्रात जाळ्याची बारीक वीण साऱ्या कापडभर पसरते आणि मासे व माणसे एकाच विणीत येतात. इथे कोणी निसर्ग पाहायला निघालेले नाही. जगण्यासाठीच चालावे लागते. (आपण मात्र तो फेर पडद्यांवर आणि कपबशांवर छापून मोकळे झालो!)

हा भेद केवळ शैलीचा नव्हे. डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविण्यात आला. 2024 साली त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली. प्रकल्पाच्या नकाशावरही जमीन अशीच निर्मनुष्य दिसते. म्हणून निर्मनुष्य निसर्गाचे चित्र, कितीही विनम्र असले, तरी मला आता अपुरे वाटते.

पावसाळा सरल्यावर आमच्या पॅरिशमधील काही मुलांबरोबर तुंगारेश्वरच्या रानात पायी गेलो होतो. प्रत्येकाजवळ चित्रकलेची वही होती. अरुंद वाटेवर मोळ्या घेऊन उतरणाऱ्या दोन वारली स्त्रिया भेटल्या. आम्ही बाजूला झालो, त्या हसल्या आणि पुढे गेल्या. संध्याकाळी वह्या उघडल्या. ओढा होता, फुलपाखरे होती, एका मुलीने शेवाळ फार सुरेख रंगविले होते. त्या दोघी एकाही वहीत नव्हत्या. माझ्याही नव्हत्या.