‘व्यावहारिक मराठी’ आणि नोकरीची सिद्धता

महाविद्यालयाने विद्यार्थ्यास नोकरीसाठी सिद्ध करावे, या मागणीविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो सिद्धतेच्या अर्थाविषयी. मराठी विभागांचे या मागणीला ठरलेले उत्तर म्हणजे ‘व्यावहारिक मराठी’ची अभ्यासपत्रिका. तीत अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, वृत्तलेखन यांचे नमुने असतात; विद्यार्थी ते गिरवितो आणि परीक्षेत उतरवितो. (इतिवृत्ताचा नमुना पाठ असणाऱ्यास सभेत बसण्याचीही गरज उरत नाही, हे वेगळे!) परंतु नमुना कार्यालयागणिक बदलतो, आणि साच्याचा मजकूर आता संगणकही क्षणात जुळवून देतो. मग पदव्युत्तर पदवीधराचे म्हणून काम उरते ते कोणते?

एक वाक्य घेऊ : ‘मालकाने भाडेकरूस त्याच्या खर्चाने दुरुस्ती करून द्यावी.’ शुद्धलेखनाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. पण खर्च कोणाचा? इंग्रजी मसुद्यातील सर्वनाम अनुवादकाने ‘त्याच्या’ असे जसेच्या तसे उतरविले, की वाचकाचे लक्ष भाडेकरूकडे वळते. कारण कर्त्याचा निर्देश करावयाचा असता मराठी सामान्यतः ‘आपल्या’ हे आत्मवाचक रूप योजते. त्या रूपातही ‘तुमच्या’ आणि ‘आपणा सर्वांच्या’ हे अर्थ दडलेले असल्याने करारपत्रात ‘स्वखर्चाने’ हेच अधिक निःसंदिग्ध ठरते. हा विवेक पाठांतराने येत नाही, सर्वनामविचाराने येतो. आणि तो विचार याच विभागात, शेजारच्या तासाला, दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणाच्या निमित्ताने शिकविला जातो! दोन्ही तासांची गाठ मात्र कोणी घालून देत नाही.

अशा कामाचे क्षेत्र लहान नाही. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, राजभाषा अधिनियम १९६४ चा; शासकीय अनुवाद तेव्हापासून चालूच आहे. आता त्यात चित्रपटांची उपशीर्षके, बँकांचे अर्ज आणि यंत्रानुवादाची तपासणी यांची भर पडली आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला चार श्रेयांक मिळाले आहेत. ते हजेरीच्या दाखल्यावर देण्याऐवजी विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कामात दुरुस्त केलेली दहा वाक्ये, प्रत्येक दुरुस्तीच्या कारणासह, सादर करावीत. त्यांचे परीक्षण व्याकरणाच्या अध्यापकाकडे असावे. यास काही विभागांत विरोध होईल. कारण त्यामुळे कार्यभाराची वाटणी बदलते.