सरळ रांग की 'व्ही'?

मोटारींवरच्या सोप्या पुस्तकांत एक वाक्य आम्हांला वारंवार भेटते: 'व्ही आकाराचे इंजिन अधिक शक्तिशाली असते.' आमचा आक्षेप या वाक्याला आहे. इंजिनाची शक्ती ठरते ती सिलिंडरांच्या एकूण आकारमानावर, त्यांत जाणाऱ्या हवा-इंधनावर आणि फेऱ्यांच्या वेगावर. मांडणीवर नव्हे.

मग मांडणीने काय बदलते? तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला येणारी एसटी आठवा. एसटीच्या अनेक गाड्यांत सहा सिलिंडर एका रांगेत असतात. त्यांतले पुढचे तीन दट्टे आणि मागचे तीन एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे हलतात. त्यामुळे त्यांचे हिसके एकमेकांना मारून टाकतात आणि थरथर कमी होते. मात्र इंजिन लांब होते. बसला ते चालते. आखूड तोंडाच्या मोटारीत जागा नसते. तेथे तीन-तीनच्या दोन रांगा तिरप्या बसवून 'व्ही' करतात. लांबी घटते, पण सिलिंडरांवरची झाकणे, म्हणजे 'हेड', एकाऐवजी दोन लागतात. शिवाय तिघांच्या रांगेत पुढेमागे डोलण्याचा दोष राहतो.

मर्सिडीजने १९९७ च्या सुमारास सरळ सहाऐवजी व्ही-सहा इंजिने घेतली आणि २०१७ मध्ये पुन्हा सरळ सहा आणले. 'व्ही' ही प्रगतीची पुढची पायरी असती, तर हे घडते ना!

वर्गात 'कोणते श्रेष्ठ?' हा प्रश्न टाळावा. 'काय मिळवण्यासाठी काय सोडले?' असे विचारावे. विज्ञान तेथून सुरू होते, असे आम्हांला वाटते.