दुसऱ्याच्या चित्रापुढे एक तास

चित्रप्रदर्शनांविषयीचे लेखन आपल्याकडे बहुधा दोन प्रकारचे आढळते. एक वृत्तपत्री, त्यात उद्घाटन कोणी केले, चित्रे किती होती आणि त्यांपैकी ‘उल्लेखनीय’ कोणती, एवढी माहिती असते. दुसरे पंडिती, त्यात संप्रदाय, प्रभाव व परिभाषा यांचा ऊहापोह असतो. या दोहोंत एक गोष्ट सहसा सापडत नाही, ती म्हणजे चित्रासमोर प्रत्यक्ष उभा राहिलेला माणूस. तो माणूस स्वतः चित्रकार असेल, आणि ज्याचे चित्र तो पाहत आहे तो त्याचा समकालीन, किंबहुना विरुद्ध मताचा असेल, तर त्याच्या टिपणांचे मोल अधिकच वाढते. अशा टिपणांत फ्रेंच चित्रकार अझेन देलाक्रवा (१७९८–१८६३) याच्या दैनंदिनीला आम्ही फार वरचे स्थान देतो.

ही दैनंदिनी त्याने १८२२ मध्ये लिहावयास घेतली, १८२४ मध्ये सोडून दिली आणि १८४७ पासून पुन्हा हाती धरून आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविली. देलाक्रवा हा रंगाचा आणि कल्पनेचा उपासक. इतिहास, पुराण व काव्य यांतून त्याचे विषय आले. त्याच्याहून एकवीस वर्षांनी लहान असलेला ग्यूस्ताव्ह कूर्बे हा नेमका उलट्या टोकाचा. डोळ्यांना जे दिसते तेच रंगवावे, असे त्याचे म्हणणे. खडी फोडणारे मजूर आणि गावच्या प्रेतयात्रेस जमलेली साधी माणसे त्याने पुराणपुरुषांच्या मापाने रंगविली. या दोघांची गाठ दैनंदिनीच्या पानांवर कशी पडते, ते पाहण्यासारखे आहे.

एप्रिल १८५३ मध्ये देलाक्रवा कूर्बेची चित्रे पाहून आला. त्यांतील मुख्य चित्र स्नान करणाऱ्या स्त्रियांचे. ते आज माँपेल्येच्या संग्रहालयात आहे. चित्रातील जोम आणि आकृतींचा उठाव पाहून आपण थक्क झालो, हे तो प्रथमच मान्य करतो. मग मात्र त्याचा संताप उसळतो. आकृतींचा ग्राम्यपणा एक वेळ चालेल, पण विचाराचा ग्राम्यपणा त्याला असह्य वाटतो. या दोन बायकांना म्हणावयाचे तरी काय आहे, असे तो विचारतो. एकीच्या हातवाऱ्याला अर्थ नाही. दुसरी खाली बसून पायांतले काढीत आहे. निसर्गदृश्य जोरकस आहे, पण आकृती मागाहून आणून बसविल्यासारख्या दिसतात. टीका कडक आहे, परंतु ती न पाहता केलेली नाही. झोपी गेलेल्या सूत कातणारीच्या दुसऱ्या एका चित्रातील चरख्याची तो त्याच टिपणात मनापासून वाखाणणी करतो.

पुढे १८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यात देलाक्रवाची तीसहून अधिक चित्रे सन्मानाने मांडली होती. कूर्बेची अकरा चित्रे स्वीकारली गेली, पण ‘चित्रकाराची कर्मशाळा’ आणि ‘ऑर्नांचा दफनविधी’ ही दोन प्रचंड चित्रे परीक्षकांनी नाकारली. तेव्हा कूर्बेने प्रदर्शनाजवळच स्वतंत्र मांडव उभारून, तिकीट लावून, आपली चित्रे लोकांपुढे ठेवली. गर्दी होईना म्हणून ते तिकीटही त्याला कमी करावे लागले. ३ ऑगस्ट रोजी मुख्य प्रदर्शनातील यंत्रे पाहून देलाक्रवा खिन्न झाला आणि तेथून निघून या मांडवात शिरला. तो सत्तावन्न वर्षांचा होता आणि कीर्तीच्या शिखरावर होता. जाण्याचे त्याला काही कारण नव्हते. तेथे तो एकटाच जवळजवळ एक तास उभा राहिला. नाकारलेल्या ‘कर्मशाळे’त त्याला एक श्रेष्ठ कृती आढळली आणि तिच्यापासून त्याचा पाय निघेना. काळातील एक अत्यंत असाधारण चित्र परीक्षकांनी परत पाठविले, असा निर्वाळा त्याने त्या दिवशीच्या टिपणात दिला आहे.

देलाक्रवाचे मत बदलले, एवढे म्हणून येथे थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. त्याचा प्रश्नच बदलला, हे अधिक महत्त्वाचे आहे. १८५३ मध्ये या चित्राचा अर्थ काय, असे तो विचारीत होता. हा प्रश्न आपणां साहित्यिकांचा आवडता. चित्राकडेही आपण कथानक मागतो. १८५५ च्या टिपणात तो पाद्री, वेदीवरची मुले, पवित्र जलाचे पात्र, रडणाऱ्या स्त्रिया, नग्न स्त्रीची मांडी, शाल पांघरलेली बाई यांची नोंद करतो. चित्रात हवा खेळते आहे, अंतरे नीट साधली आहेत, असे म्हणतो. गंमत अशी, की ‘कर्मशाळा’ ही आपल्या कलाजीवनातील सात वर्षांची रूपककथा आहे, असे कूर्बेने शीर्षकातच जाहीर केले होते. विचार नाही म्हणून चिडलेला देलाक्रवा आता विचार समोर असताना त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही. तो फक्त पाहतो.

तरीही त्याने आपला विवेक गहाण टाकलेला नाही. मध्यभागी रंगविले जात असलेले निसर्गचित्र खऱ्या आकाशाचा भास निर्माण करून घोटाळा करते, हा दोष तो नोंदवितो. ‘दफनविधी’तील माणसे एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात, हेही सांगतो. आणि नवे चित्र पाहिल्यामुळे ते जुने चित्रही आपल्याला आवडू लागले, अशी कबुली देतो. ज्याची कसोटी शाबूत आहे, त्याच्याच स्तुतीला वजन असते.

एक आक्षेप मात्र घ्यावयास हवा. ही स्तुती वहीतच राहिली. दैनंदिनी प्रथम छापली गेली ती १८९३ ते १८९५ या वर्षांत. कूर्बे १८७७ मध्येच निवर्तला होता. म्हणजे आपल्याविषयीचे हे शब्द छापील रूपात वाचणे त्याच्या नशिबी नव्हते. अकादमीने ज्याला वारंवार डावलून १८५७ मध्ये आत घेतले, त्या देलाक्रवाला नकाराचे दुःख काय असते ते ठाऊक होते. खाजगीपणामुळे त्याच्या शब्दांना निर्मळपणा आला हे खरे. पण ज्याला त्यांची गरज होती त्याच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत, हेही तितकेच खरे.

हे सारे आम्ही लिहितो याचे कारण आपण बहुतेक जण परीक्षक आहोत. शाळेत आपण मुलांच्या चित्रांना व निबंधांना क्रमांक देतो, सभांमध्ये नव्या लेखकांच्या हस्तलिखितांवर अभिप्राय देतो. शालेय प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरताना आम्ही एकेका चित्रापुढे क्वचितच मिनिटभर थांबलो असू. एकदा दिलेला क्रमांक फिरवावा, असे तर कधी मनातही आले नाही. आपल्या मताविरुद्ध काढलेल्या चित्रापुढे तासभर उभे राहणे, हा देलाक्रवाने घालून दिलेला पहिला पाठ. आणि मत पालटले, तर ते संबंधितास वेळेवर कळविणे, हा दुसरा पाठ त्याच्या उणिवेतून आपण घ्यावा.