तेरचे काका

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलं की 'संत गोरा कुंभार' हे पुस्तकातलं नाव मागे पडतं. तिथे ते गोरोबाकाका. संतमेळ्यात वयाने सगळ्यांत वडील, म्हणून ज्ञानदेव-मुक्ताईही त्यांना काका म्हणत, असं परंपरा सांगते. मला हे नाव त्यांच्या कथेशेजारी ठेवून वाचावंसं वाटतं, कारण ती कथा बापाची आहे.

आपल्याकडे 'बाप' हा शब्द हाकेचा नव्हेच. तो तिऱ्हाइताशी बोलताना, रागात, नाहीतर 'मायबाप' म्हणून हात जोडताना येतो. हाक मारायला दादा, अण्णा, तात्या, आबा. खटल्याच्या घरात तर चुलतभावंडांचं ऐकून पोर सख्ख्या बापालाही काका म्हणायचं, आणि वडीलधाऱ्यांसमोर बाप आपलंच लेकरू उचलून घ्यायला लाजायचा.

कथेत संती लेकरू नवऱ्यावर सोपवून पाण्याला जाते. गोरोबा विठ्ठलनामाच्या तंद्रीत चिखल तुडवतायत; रांगतं पोर पायाखाली येतं. भाजताना मडकं फुटू नये म्हणून कुंभार तुडवता तुडवता खडा पायाने हेरतो. ज्या पायांना बारीक खडा कळतो, त्यांना लेकरू कळलं नाही. कथेची सगळी धग इथे आहे.

पुढे संतीने घातलेली 'मला शिवू नका' ही विठ्ठलाची आण, तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न, आण मोडली म्हणून स्वतःच तोडलेले हात. मग विठ्ठल 'विठू कुंभार' होऊन त्या घरी राबायला येतो. ज्ञानदेव ज्याला आपल्या नाममुद्रेत बाप म्हणतात, तोच इथे चाकावर गाडगी घडवतो. 'बाप' शब्दाचा याहून मोठा अर्थ मला ठाऊक नाही.

शेवट पंढरपुरात, नामदेवांच्या कीर्तनात. टाळीसाठी थोटे हात वर जातात आणि त्यांना पंजे फुटतात. त्यानंतर संतीचा आकांत ऐकून देव लेकरू परत देतो, ते रांगत येतं. आधी हात, मग लेकरू. या क्रमात कथाकाराचं शहाणपण आहे: उचलून घेणारे हात आल्यावरच गोरोबा पुन्हा बाप होतात.

1317 साली काकांनी तेरलाच समाधी घेतली. चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते. कीर्तनकारांना एवढीच विनंती, चिखलाचा प्रसंग रंगवून शेवट घाईत उरकू नका. त्या हातांपाशी जरा थांबा.